फुलवाल्याचा मुकुट

‘पोन्नियिन सेल्वन’ या तमिळ चित्रपटाचा दुसरा भाग २८ एप्रिल २०२३ रोजी प्रदर्शित झाला. पहिला भाग ३० सप्टेंबर २०२२ रोजी पडद्यावर आला होता आणि मधले सात महिने तमिळनाडूतील असंख्य घरांत एकाच गोष्टीची उत्कंठा होती: शेवट कसा दाखवतात? तो पाहून बाहेर पडलेल्या प्रेक्षकांपैकी ज्यांनी मूळ कादंबरी वाचलेली नव्हती ते बहुतांशी संतुष्ट होते. ज्यांनी ती वाचली होती, एकदा नव्हे तर चार-चारदा वाचली होती, त्यांच्यापैकी पुष्कळजण मात्र खट्टू होऊन परतले. त्यांची नाराजी ‘वेड्या चाहत्यांचा हट्ट’ म्हणून हसण्यावारी नेण्यात आली. ती तशी नेण्याजोगी नव्हती.

या चाहत्याची जातकुळी आधी समजून घेतली पाहिजे. ‘कल्की’ रा. कृष्णमूर्ती हे स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्ते. १९४१ साली वैयक्तिक सत्याग्रहात त्यांनी कारावास भोगला आणि त्याच वर्षी टी. सदाशिवम यांच्यासह ‘कल्की’ हे साप्ताहिक सुरू केले. त्याचे भांडवल कोठून आले? सदाशिवम यांच्या पत्नी एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी ‘सावित्री’ या चित्रपटात नारदाची भूमिका केली होती. तिच्या मानधनातून हे साप्ताहिक उभे राहिले. चित्रपटाच्या पैशातून नियतकालिक, नियतकालिकातून कादंबरी आणि सत्तर वर्षांनी कादंबरीतून पुन्हा चित्रपट, असा हा फेरा आहे. १९५० ते १९५४ अशी साडेतीन वर्षे ही कथा दर आठवड्याला क्रमशः प्रसिद्ध होत होती. अंक आला की घरातील एकाने मोठ्याने वाचावे, इतरांनी ऐकावे. मग मणियम यांच्या चित्रांसकट ती पाने कापून, शिवून, पुठ्ठ्यात बांधून ठेवावीत. अशी घरी बांधलेली पुस्तके पुढे मुलींबरोबर सासरी गेली. पाच खंडांची, दोन हजारांहून अधिक पृष्ठांची ही कादंबरी तमिळ समाजाने ग्रंथालयाच्या कपाटापेक्षा घरातल्या फडताळात अधिक जपली आहे. १९५८ साली एम. जी. रामचंद्रन यांनी तिच्यावर चित्रपट काढण्याचे जाहीर केले होते. तो निघाला नाही. मणिरत्नम यांच्या हातून तो निघाला, तेव्हा तीन पिढ्यांचे वाचक तिकिटाच्या रांगेत उभे होते.

अशा वाचकाच्या सगळ्याच तक्रारी शिरोधार्य मानाव्यात असे मुळीच नाही. अमुक पात्राचा चेहरा मनातल्यासारखा नाही, तमुक प्रसंग गाळला, नदीकाठचे वर्णन आले नाही, या तक्रारींत फारसा अर्थ नसतो. दोन भाग मिळून साडेपाच तासांत पाच खंड मावणार कसे? काटछाट अपरिहार्यच होती. मणिमेकलै हे पात्र पूर्णपणे वगळले गेले. कादंबरीच्या अखेरीस वंदियदेवनावर जीव लावून बसलेल्या या मुलीचा मृत्यू वाचताना डोळे न पुसलेला तमिळ वाचक विरळा; तरीही पटकथाकाराचा निर्णय समजून घेता येतो. मणिरत्नम, इळंगो कुमारवेल आणि जयमोहन ही पटकथा-संवादांमागची माणसे अडाणी नव्हेत. कुमारवेल यांनी तर १९९९ साली याच कादंबरीचे रंगभूमीसाठी रूपांतर केले होते. तेव्हा अज्ञानाचा आरोप येथे टिकत नाही.

आरोप वेगळा आहे आणि तो शेवटाविषयी आहे. कादंबरीत तंजावरच्या राजवाड्यात वाढलेला मधुरांतक हा खरा मधुरांतक नाही. सेंबियन महादेवीचे नवजात मूल मृत समजून बाहेर नेण्यात आले, त्याच्या जागी दुसरे मूल ठेवले गेले. आणि जे मृत समजले गेले ते मात्र जगले. एका मुक्या बाईने त्याला वाढवले. मंदिरासाठी फुले वेचावीत, हार गुंफावेत, शिवाची पदे गावीत, असा त्याचा दिनक्रम. हा सेंदन अमुदन. कादंबरीच्या आरंभीच वंदियदेवन तंजावरात येतो तेव्हा याच फुलवाल्याच्या झोपडीत त्याला आसरा मिळतो. वाचक त्याच्याकडे साधाभोळा यजमान म्हणून पाहतो आणि विसरून जातो. कोडिक्करैच्या किनाऱ्यावर होडी वल्हवणारी पूंकुळली या अमुदनाशी लग्न करते. अखेरच्या दरबारात सारे सामंत अरुळमोळीवर्मनाला, म्हणजे पुढच्या राजराज चोळाला, राजा करायला जमलेले असतात. तो मुकुट हातात घेतो आणि फुलवाल्याच्या डोक्यावर ठेवतो. होडीवाली पट्टराणी होते. कादंबरीच्या पाचव्या खंडाचे नाव ‘त्यागाचे शिखर’ असे आहे, ते याच प्रसंगामुळे.

चित्रपटात यातले काय उरले? मधुरांतक एकच. राजवाड्यात वाढलेला, सिंहासनासाठी कारस्थानात सामील झालेला, अखेरीस वळणावर आलेला राजपुत्र. अरुळमोळी मुकुट ठेवतो तो त्याच्याच डोक्यावर. सेंदन अमुदन आणि पूंकुळली पडद्यावर दिसतात, धावपळ करतात, राजपुत्रांच्या उपयोगी पडतात आणि कथेच्या कडेला विरून जातात. पहिल्या भागात या दोघांची ओळख करून दिली होती, म्हणजे वाचकाला एक आश्वासन दिले होते. दुसऱ्या भागात ते पाळले गेले नाही. त्याऐवजी शेवटी राष्ट्रकूटांशी एक मोठे युद्ध आले. ते कादंबरीत नाही.

चाहत्यांनी याचे वर्णन ‘रहस्य गमावले’ असे केले. दोन मधुरांतकांचा उलगडा हा कादंबरीतील सर्वांत मोठा धक्का, तो काढला म्हणून त्यांना राग आला. त्यांचा राग योग्य होता, पण त्यांनी सांगितलेले कारण नुकसानीपेक्षा बरेच लहान आहे. गमावले गेले ते केवळ रहस्य नव्हे. एका समाजाने साडेतीन वर्षे दर आठवड्याला ऐकलेल्या कथेचा कळस असा होता की राज्य ज्याच्याकडे जाते तो फुले विकणारा आहे आणि त्याची बायको नावाडीण आहे. १९५४ साल होते. प्रौढ मताधिकारावरची पहिली निवडणूक होऊन दोन वर्षे झाली होती. ज्यांनी आयुष्यात प्रथमच मतदान केले त्या वाचकांपुढे हा राज्याभिषेक ठेवला गेला. कल्कींच्या मनात हा मेळ होता की नव्हता, याची चिकित्सा येथे गौण आहे. वाचकांच्या मनात तो बसला असल्यास नवल नाही.

येथे एक आक्षेप निघतो आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. अमुदन फुलवाला असला तरी रक्ताने राजपुत्रच आहे. झोपडीतल्या माणसाला मुकुट देण्यापूर्वी कल्कींना त्याची वंशावळ शोधावी लागली. राजघराण्याबाहेरचा, निखळ फुलवाला राजा झाला असे लिहिण्याचे धैर्य त्यांनी दाखवले नाही. इतिहासाच्या चौकटीत ते शक्यही नव्हते. उत्तम चोळ हा ऐतिहासिक राजा गंडरादित्य आणि सेंबियन महादेवी यांचा मुलगा होता, याला शिलालेखांचा आधार आहे. कादंबरीकाराला मोकळी जागा होती ती एवढीच की हा मुलगा वाढला कोठे. ती जागा त्यांनी राजवाड्याबाहेरच्या फुलबागेने भरली. त्यांच्या मर्यादेत ती लोकशाहीची निवड होती. चित्रपटाने नेमकी तीच रद्द केली.

इतिहास तर याहून कडवट आहे. राजेंद्र चोळाच्या काळचे तिरुवालंगाडूचे ताम्रपट सांगतात की प्रजेची इच्छा असतानाही, चुलत्याला राज्याची अभिलाषा आहे तोवर अरुळमोळीने ती मनात धरली नाही. हा मजकूर विजेत्याच्या घराण्याने कोरवलेला आहे, हे विसरून चालत नाही. आदित्य करिकालनाच्या खुन्यांच्या आप्तांची जमीन जप्त झाल्याचा उडैयारगुडीचा शिलालेख राजराजाच्या दुसऱ्या राज्यवर्षातला आहे. म्हणजे उत्तम चोळाची सारी कारकीर्द उलटल्यावरचा. नीलकंठ शास्त्रींसारख्या इतिहासकारांचा उत्तम चोळावर संशय होता तो यातूनच. कल्कींपुढे हा सगळा पुरावा होता. त्यातून सूडाची कथा सहज लिहिता आली असती. त्यांनी त्यागाची लिहिली. त्या त्यागाला अर्थ येतो तो तो कोणासाठी केला यावरून. एका राजपुत्राने दुसऱ्या राजपुत्राला गादी सोडणे हा घराण्यातला समझोता झाला. त्याला शिखर कोण म्हणेल?

मग युद्ध का आले? याचे उत्तर कलेत शोधण्यापेक्षा हिशेबाच्या वहीत शोधणे बरे. एवढे प्रचंड भांडवल गुंतवून पाच भाषांत एकाच दिवशी प्रदर्शित होणारा चित्रपट ज्या प्रेक्षकावर अवलंबून असतो, त्याने कादंबरी वाचलेली नसते. झोपडी, दत्तक मूल, मुकी दाई, अदलाबदल हे सारे उलगडायला वेळ लागतो. हत्ती आणि तलवारी कोणत्याही भाषेत कळतात. भांडवल कथेला वाईट हेतूने मोडत नाही, ते तिला सरासरीकडे ओढते. आणि त्या युद्धातला विनोद असा की ज्या सुमारास ते घडते असे दाखवले, त्या सुमारास राष्ट्रकूटांनाच घरघर लागली होती. ९७२ मध्ये माळव्याच्या परमार सीयकाने त्यांची राजधानी मान्यखेट लुटली आणि पुढच्याच वर्षी चालुक्य तैलपाने ते राज्य संपवले. वेरूळचे कैलास लेणे कोरवणारे हे घराणे. पडद्यावर ते निव्वळ शत्रूचे सैन्य म्हणून येते, कापले जाते. मराठी प्रेक्षकालाही त्याचे काही वाटले नाही.

मराठी प्रेक्षकाचे लक्ष वेगळ्याच गोष्टींकडे असते. शिवाजी सावंतांच्या १९७९ सालच्या ‘छावा’ कादंबरीवरून निघालेला चित्रपट २०२५ साली आला. प्रदर्शनापूर्वीच संभाजीराजांच्या लेझीम खेळण्याच्या दृश्यावरून गदारोळ झाला आणि दृश्य कापण्यात आले. त्या वादात प्रश्न राजाच्या मानाचा होता. पहिल्या ‘पोन्नियिन सेल्वन’नंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये तमिळनाडूत जो वाद पेटला, तोही राजराज चोळाला हिंदू म्हणावे की नाही यावर. तोही राजाविषयीचाच. या सगळ्या कोलाहलात, आमचा फुलवाला कोठे गेला, असे विचारणारा तो खट्टू वाचक एकटाच पडला. त्याच्यामागे ना संघटना होती ना पुढारी, आणि चित्रपट बंद पाडण्याची धमकी त्याने कोणाला दिली नाही. तिकीट काढून तो आत गेला होता.

एका गोष्टीची नोंद कार्यकर्त्यांनी आवर्जून घ्यावी. १९९९ साली, कल्कींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, तमिळनाडू सरकारने त्यांचे साहित्य राष्ट्रीयीकृत केले. वारसांना मोबदला दिला आणि ग्रंथ जनतेच्या मालकीचे झाले. भारतींच्या कवितांबाबत मद्रास सरकारने १९४९ मध्येच हा मार्ग घालून दिला होता. परिणाम असा की ‘पोन्नियिन सेल्वन’च्या स्वस्त आवृत्त्या अनेक प्रकाशकांनी काढल्या आणि बसस्थानकावरच्या दुकानातही ती मिळू लागली. आपल्याकडे अशी कल्पना कोणी गंभीरपणे मांडल्याचे ऐकिवात नाही. परंतु याच व्यवस्थेची दुसरी बाजूही आहे. जनतेच्या मालकीचा कच्चा माल भांडवलाला फुकट मिळतो आणि त्यातून घडवलेला पक्का माल खाजगी राहतो. कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटावरचा हक्क साठ वर्षे चालतो. म्हणजे कादंबरी सर्वांची, पण तिचे हे चित्ररूप २०८३ सालच्या अखेरीपर्यंत निर्मात्यांचे. लोकांच्या वाङ्मयावर चित्रपट काढणाऱ्याने त्यात बदल करू नयेत, असा कायदा मागणे मूर्खपणाचे होईल. उद्या तोच कायदा कोणाच्या हातात पडेल सांगता येत नाही. राष्ट्रीयीकरणाने वाचकाला दिलेला हक्क दुसऱ्याला रोखण्याचा नाही. तो स्वतः करून दाखवण्याचा आहे, आणि तंजावर जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेच्या नाट्यमंडळालाही तो मणिरत्नम यांच्याइतकाच आहे.

चित्रपटगृहातून परतलेल्या अनेक घरांत त्या रात्री फडताळातले जुने खंड खाली काढले गेले असतील. पाचव्या खंडातला राज्याभिषेक तेथे जसाच्या तसा आहे: दरबार भरला आहे, अरुळमोळीने मुकुट हातात घेतला आहे आणि फुलवाला अंग चोरून उभा आहे. तो पडद्यावर यायचा अजून शिल्लक आहे, आणि त्यासाठी कोणाचीही परवानगी काढावी लागत नाही.