हितसंबंध लोकांना दिसले पाहिजेत

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या नियमावलीत ६.२.४ क्रमांकाचे एक कलम होते. मंडळ भरवत असलेल्या सामन्यांत किंवा स्पर्धांत मंडळाच्या कोणत्याही प्रशासकाचे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष व्यापारी हितसंबंध असू नयेत, असे ते सांगत होते. २००८ मध्ये आयपीएल आली. चेन्नईचा संघ इंडिया सिमेंट्सने विकत घेतला. त्या कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक एन. श्रीनिवासन तेव्हा मंडळाचे खजिनदार होते. त्याच वर्षी कलमाला दुरुस्तीची जोड मिळाली आणि आयपीएल व चॅम्पियन्स लीग या स्पर्धा नियमातून वगळल्या गेल्या.

पुढचे सारे त्या दुरुस्तीतून वाढत गेले. २०११ मध्ये श्रीनिवासन मंडळाचे अध्यक्ष झाले. २०१३ मध्ये सट्टेबाजीच्या प्रकरणात त्यांचे जावई गुरुनाथ मय्यप्पन यांना अटक झाली. चौकशीसाठी मंडळाच्या पुढाकाराने दोन निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली गेली, ती मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली. अखेर २२ जानेवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्तीच रद्द केली. मंडळ सार्वजनिक स्वरूपाचे काम करते, म्हणून त्याचा कारभारही सार्वजनिक कसोटीला उतरला पाहिजे, हा निकालाचा गाभा होता. न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१८ मध्ये मंडळाची नवी घटना आली. पद स्वीकारल्यापासून १५ दिवसांत आपले परस्परविरोधी हितसंबंध लेखी कळवायचे आणि ते मंडळाच्या संकेतस्थळावर टाकायचे, अशी तरतूद तीत झाली.

यातला दुसरा भाग महत्त्वाचा आहे. कळवणे वेगळे आणि लोकांपुढे ठेवणे वेगळे. आपल्याकडच्या बहुतेक सार्वजनिक संस्थांची गाडी पहिल्याच स्थानकावर थांबते.

भांडवली बाजाराची नियामक संस्था असलेल्या ‘सेबी’चे उदाहरण ताजे आहे. १९९२ च्या सेबी कायद्यातील कलम ७अ नुसार, सेबीच्या मंडळाचा सदस्य एखाद्या कंपनीचा संचालक असेल आणि बैठकीपुढच्या विषयात त्या नात्याने त्याचे आर्थिक हित गुंतले असेल, तर त्याने ते सांगावे, त्याची नोंद कामकाजात व्हावी आणि त्याने चर्चेत भाग घेऊ नये. संचालकपदापुरती ही तरतूद ठीक आहे. पण समभाग, पती-पत्नीची गुंतवणूक, पूर्वीच्या नोकरीतून येणे असलेले पैसे यांचे काय? त्यासाठी २००८ मध्ये मंडळाने स्वतःची आचारसंहिता केली. मात्र तिच्यानुसार दिलेली माहिती संस्थेच्या दप्तरातच राहिली.

ऑगस्ट २०२४ मध्ये हिंडेनबर्ग या अमेरिकी संस्थेने सेबीच्या तत्कालीन अध्यक्ष माधबी पुरी बुच आणि त्यांच्या पतीच्या परदेशी फंडातील गुंतवणुकीवरून आरोप केले. दोघांनी ते फेटाळले. आवश्यक ती माहिती अध्यक्षांनी वेळोवेळी दिली होती आणि संबंधित प्रकरणांतून त्या बाजूलाही झाल्या होत्या, असे सेबीने सांगितले. साहजिकच माहिती अधिकारात विचारणा झाली की अशी प्रकरणे कोणती. ती माहिती सहज उपलब्ध नाही, गोळा करायला संस्थेची साधने वाजवीपेक्षा जास्त खर्च होतील, असे उत्तर आले. अध्यक्षांनी दिलेली निवेदने वैयक्तिक माहिती म्हणून नाकारली गेली. मे २०२५ मध्ये लोकपालांनी बुच यांच्याविरुद्धच्या तक्रारी निकाली काढल्या. त्यांच्याविरुद्ध काहीही सिद्ध झाले नाही.

हे सारे ध्यानात घेतले तर गुप्ततेचा तोटा कोणाला होतो, ते स्पष्ट दिसते. कोणत्या तारखेला, कोणत्या विषयातून अध्यक्ष बाजूला झाल्या याची यादी संकेतस्थळावर असती, तर सेबीला शंकेला त्याच दिवशी कागद दाखवून उत्तर देता आले असते. यादी नव्हती, म्हणून कोट्यवधी गुंतवणूकदार ज्या संस्थेवर विसंबून आहेत, तिच्याभोवती संशयाचे धुके महिनोन्‌महिने राहिले. उघड नोंद ही प्रामाणिक सदस्याची ढाल असते.

आता गावाकडे पाहू. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ग) नुसार, पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष, स्वतःचा वा भागीदारामार्फत हिस्सा असलेला सदस्य अपात्र ठरतो. गावातल्या गटाराच्या किंवा रस्त्याच्या कामात हिस्सा निघाला, की प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढे जाते आणि सदस्याला पद गमवावे लागते. पंचायतीच्या सदस्याला हा नियम लावला जातो आणि तो योग्यच आहे. मग अब्जावधींचे व्यवहार ज्यांच्या निर्णयावर ठरतात, त्यांचे हितसंबंध लोकांना का दिसू नयेत? राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे, लोकसभेत तेवढीही नाही.

अशा मागणीवर दोन आक्षेप ठरलेले असतात. पहिला खासगीपणाचा. सदस्याच्या घरातले दागिने किंवा मुलांची बँकखाती कोणी मागत नाही. ज्या संस्थेच्या मंडळावर तो बसतो, तिच्या कारभाराला लागून असलेले व्यवसाय, समभाग, जमिनी आणि सल्लागारपदे एवढीच यादी पुरे. इंग्लंडमध्ये २०११ च्या लोकॅलिझम कायद्यानुसार साध्या नगरसेवकालाही स्वतःबरोबरच पती वा पत्नीचे आर्थिक हितसंबंध २८ दिवसांत नोंदवावे लागतात. ती नोंदवही सर्वांना खुली असते आणि वाजवी कारणाविना नोंद टाळणे हा गुन्हा आहे. दुसरा आक्षेप असा, की असे नियम केले तर जाणकार माणसे मंडळावर यायचीच नाहीत. उलट, जाणकाराचे त्या क्षेत्राशी संबंध असणारच, हे गृहीत धरूनच नोंदवहीची व्यवस्था केलेली असते. संबंध असणे हा दोष नाही. तो लपवून निर्णयाला बसणे हा दोष आहे.

सेबीने माजी केंद्रीय दक्षता आयुक्त प्रत्युष सिन्हा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने नोव्हेंबर २०२५ मध्ये अहवाल दिला आणि वरिष्ठ पदांवरच्या व्यक्तींची मालमत्ता व देणी जाहीर करण्याची शिफारस केली. सेबीतल्या या हालचालींची वाट पाहत महाराष्ट्र सरकारने थांबायचे कारण नाही. म्हाडा, सिडको, एमआयडीसी यांच्यासारख्या संस्थांचे निर्णय जमिनीचे आणि घरांचे भाव ठरवतात. त्यांच्या मंडळांवरील सदस्यांसाठी सरकारने एका शासन निर्णयाने चार गोष्टी बंधनकारक कराव्यात. नेमणुकीनंतर महिनाभरात हितसंबंधांचे निवेदन संकेतस्थळावर यावे. दर वर्षी ते नव्याने भरले जावे. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला, विषयपत्रिका हाती असतानाच, कोणाचा कोणत्या विषयाशी संबंध आहे ते विचारले जावे. आणि कोण कोणत्या विषयाच्या वेळी सभागृहाबाहेर गेले, याची नोंद इतिवृत्तात होऊन ते इतिवृत्त प्रसिद्ध व्हावे. याला नवी यंत्रणा लागत नाही, मोठा खर्चही येत नाही. शासन निर्णय रोज निघतात; येत्या अधिवेशनात विरोधी आणि सत्ताधारी आमदारांनी या एका निर्णयासाठी मंत्र्यांकडून तारीख मागून घ्यावी.