गोळ्यांची पिशवी डॉक्टरांसमोर ओता

आपल्या वस्तीतल्या आजी-आजोबांच्या उशाशी गोळ्यांची पिशवी असते. बीपीची गोळी सरकारी दवाखान्यातली, साखरेची खाजगीतली, गुडघ्याची मेडिकलवाल्याने दिलेली. अख्खी पिशवी मात्र कुणीच पाहत नाही. आमचा आक्षेप इथेच आहे.

बीपीच्या अॅम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात. ती सूज नवा आजार समजून लघवीची गोळी सुरू होते; मग रात्री उठताना चक्कर आणि पडणे. डायक्लोफेनॅकने बीपी वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो. साखरेची ग्लिमेपिराइड घेऊन उपोसथाला रात्रीचे जेवण टाळले, तर साखर धोकादायक उतरू शकते. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा घेणारेही आम्हाला भेटतात.

पण स्वतःहून काही बंद करू नका. स्टिरॉइड, झोपेच्या, बीपीच्या काही गोळ्या अचानक सोडणे घातक ठरते. चूर्ण-काढ्यासकट पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ओता आणि विचारा, यातली कोणती आता नको? डॉक्टर चिडले तरी विचारा. दवाखान्यात गप्प बसायची सवय आपल्या माणसांना लावली गेली आहे, ती मोडायला हवी.

रविवारी वंदनेनंतर विहारातल्या तरुणांनी ज्येष्ठांना यादी लिहून द्यावी: पाकिटावरचे मूळ नाव, वेळ, कुणी दिली, कशासाठी.