फिल्मी लावणीला खोटी का म्हणायचं?

लावणीचा विषय निघाला की जाणकार मंडळींचा एक निवाडा ठरलेला असतो : सिनेमातली लावणी ही खरी लावणी नव्हे. ती तीन-चार मिनिटांत उरकलेली, फडाबाहेरच्या कवीनं लिहिलेली आणि कधी बोर्डावर न नाचलेल्या गायिकेनं स्टुडिओत म्हटलेली असते, असं त्यांचं म्हणणं. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. तरीही त्यावरून काढलेला निष्कर्ष मला साफ चुकीचा वाटतो. ‘सांगत्ये ऐका’पासून ‘नटरंग’पर्यंतच्या उत्तम लावण्या ही मराठी गाण्याची अस्सल कमाई आहे.

आधी कवीचं पाहू. फडाबाहेरच्या माणसानं लावणी लिहिली म्हणून ती नकली ठरत असेल, तर पेशवाईतल्या शाहिरांपासूनच हा खटला चालवावा लागेल. राम जोशी सोलापूरच्या विद्वान ब्राह्मण घरातले, संस्कृत जाणणारे. पुढे कीर्तनाकडे वळलेले. होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान. लावणी कुठल्या एका जातीच्या किंवा एका पेशाच्या मालकीची कधीच नव्हती. होनाजी रचायचा आणि बाळा गायचा, म्हणजे लिहिणारा एक आणि गळा दुसऱ्याचा ही वाटणीसुद्धा सिनेमानं आणलेली नाही. मग गदिमांनी आणि जगदीश खेबुडकरांनी लिहिलं तर बिघडलं काय? खेबुडकर पेशानं शाळामास्तर. तमाशातल्या बाईपायी स्वतःला हरवून बसणाऱ्या मास्तरची गोष्ट सांगणाऱ्या ‘पिंजरा’ची (१९७२) गाणी त्यांचीच, आणि त्या गाण्यांत परकेपणाचा लवलेश नाही. राम कदमांची चाल आणि उषा मंगेशकरांचा आवाज त्या शब्दांना असे बिलगले आहेत की कोणी कोणासाठी काय केलं हे वेगळं काढता येत नाही.

गायिकेवरच्या आक्षेपाला सुलोचना चव्हाण हे एकच उत्तर पुरेसं आहे. ‘रंगल्या रात्री अशा’मधली (१९६२) लवंगी मिरची, ‘सवाल माझा ऐका’मधलं (१९६४) सोळावं वरीस, ‘मल्हारी मार्तंड’मधला (१९६५) फड आणि तुरा : ही गाणी म्हणणारी बाई मंचावर डोक्यावरून पदर घेऊन, जागची न हलता उभी राहायची. नाचणाऱ्या बाईजवळ डोळे, भुवया, हात, पदर, घुंगरू अशी सगळी सामग्री असते. सुलोचनाबाईंजवळ फक्त गळा होता. म्हणून त्यांनी अदा उच्चारात आणली. शब्दाच्या शेवटाला दिलेला झटका, मध्येच थबकून पुन्हा समेवर येणं, ‘गं’ आणि ‘हो’ यांवरचा तो ठसका, हे नीट ऐकलं की समोर बाई दिसायला लागते. रेडिओवर लावणी ऐकणाऱ्याला दिसत काहीच नाही, हीच अडचण या गायकीची जननी ठरली. वेळ कमी, म्हणून प्रत्येक ओळ पहिल्या फटक्यात पोचली पाहिजे. ही तडजोड म्हणता येईल. मला ती नवी कला वाटते. शिवाय ज्या बायकांना तमाशाच्या तंबूत पाऊल टाकण्याची सोय नव्हती, त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत लावणी नेली ती रेडिओनं आणि तबकडीनंच.

लावणी म्हणजे पुरुषानं पुरुषांसाठी बाईच्या तोंडी घातलेली भाषा, हा आक्षेप याहून गंभीर आहे आणि बऱ्याच लावण्यांना तो लागूही पडतो. पण ‘मराठा तितुका मेळवावा’मधली (१९६४) ‘रेशमाच्या रेघांनी’ पाहा. शब्द शान्ता शेळक्यांचे, गळा आशा भोसल्यांचा आणि चाल ‘आनंदघन’ या नावानं लता मंगेशकरांची. लिहिणारी, बांधणारी, गाणारी अशा तिघी बायका. हे घडलं ते सिनेमातच, आणि त्या लावणीतल्या लटक्या रागाला जो स्वतःचा ताठा आहे, तो मला या तिघींचाच वाटतो.

राहिला बैठकीच्या लावणीचा प्रश्न, आणि इथं विरोधकांची बाजू भक्कम आहे. एकच ओळ पुन्हापुन्हा घेऊन दर वेळी तिचा वेगळा भाव दाखवायचा, ही यमुनाबाई वाईकरांची, सत्यभामाबाई पंढरपूरकरांची विद्या सिनेमाच्या लावणीत मावत नाही. चौफुल्याच्या, मोडनिंबच्या कला केंद्रांत आज फर्माईश येते ती सिनेमातल्याच गाण्यांची, आणि नाव नि पैसा पडद्याकडे गेला हेही खरं. पण बैठकीची लावणी उभी होती ती ऐकणाऱ्या रसिकाच्या आणि आश्रयदात्याच्या जोरावर. तो आश्रय आटला. त्याची भरपाई ना सरकारनं पुरेशी केली, ना आपण तिकीट काढणाऱ्यांनी. या दोषाचं माप गाण्याच्या पदरात घालणं अन्यायाचं आहे. सगळीच फिल्मी लावणी चांगली, असा माझा दावा नाही. ढोलकी बोलण्याऐवजी नुसती बडवली जाते आणि शब्द द्वयर्थाच्या पलीकडे जात नाहीत, अशी गाणी ढिगानं आहेत. ती वाईट म्हणून टाकावीत, फिल्मी म्हणून नव्हे. ‘नटरंग’मध्ये (२०१०) गुरू ठाकूर, अजय-अतुल आणि बेला शेंडे यांनी मोठ्या वाद्यमेळातही ढोलकीचा मान राखला, म्हणून ती लावणी टिकली.

बैठकीची लावणी जगवायची असेल तर तिच्या कलावतींना रास्त बिदागी द्या, त्यांचे कार्यक्रम लावा, त्यांच्या बंदिशी ध्वनिमुद्रित करून ठेवा आणि प्रयोगाला स्वतः जाऊन बसा. त्यासाठी सुलोचनाबाईंच्या गाण्याला खोटं ठरवायची गरज नाही.