वेष्टणावर न छापलेली नावे

'बीटल्स' या इंग्रज चौकडीच्या गाण्यांविषयी या पानावर लिहिण्याचे प्रयोजन काय, असे आपल्यातील काही ज्येष्ठ कार्यकर्ते विचारतील. पाश्चात्त्य रॉक संगीत म्हणजे भांडवली समाजाच्या पोटी जन्मलेली चैन, असे एक मत चळवळीत पूर्वी प्रचलित होते. त्या मताशी वाद घालण्याचे येथे कारण नाही. मी या गाण्यांचा जुना चाहता आहे, हे मात्र प्रारंभीच सांगून टाकतो. मालवणच्या किनाऱ्यावर बोटीवर नोकरी करणाऱ्यांची घरे पुष्कळ. रजेवर येताना ते ज्या वस्तू आणीत त्यांत तबकड्याही असत, आणि तेथूनच हा नाद लागला. परंतु आज लिहावयाचे आहे ते या नादाविषयी नव्हे. तबकडी ही श्रमातून निर्माण झालेली वस्तू आहे. त्या श्रमिकांपैकी कोणाचे नाव वेष्टणावर छापले गेले, कोणाचे वगळले गेले आणि त्यामुळे कोणाच्या पदरात काय पडले, हा अर्थशास्त्राच्या कक्षेतला प्रश्न आहे.

१९६६ च्या ऑगस्टमध्ये बीटल्सची 'रिव्हॉल्व्हर' ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यात जॉर्ज हॅरिसनचे 'लव्ह यू टू' हे गाणे आहे. त्याआधीच्या वर्षी हॅरिसनने एका गाण्यात सतार छेडली होती, पण ती केवळ रंग भरण्यापुरती. 'लव्ह यू टू' या गाण्याची रचनाच हिंदुस्थानी वळणाची आहे. आधी संथ छेड, मग ठेका, शेवटी द्रुत. तबला वाजविला आहे अनिल भागवत यांनी. लंडनमध्ये अयन देव अंगडी आणि त्यांच्या पत्नी 'एशियन म्युझिक सर्कल' ही संस्था चालवीत. तिच्यामार्फत भागवतांना बोलावण्यात आले. आणि वेष्टणावर त्यांचे नाव छापले गेले. साथीदाराचे नाव छापण्याची त्या धंद्यात रीत नसताना हे घडले, म्हणून त्याचे मोल. मराठी वाचकाचा डोळा त्या आडनावावर क्षणभर थबकल्यावाचून राहत नाही.

पुढच्याच वर्षी, १९६७ साली, 'सार्जंट पेपर' निघाली. तिच्या दुसऱ्या बाजूचा आरंभ ज्या गाण्याने होतो ते 'विदिन यू विदाउट यू' हेही हॅरिसनचेच. त्यात दिलरुबा, तंबोरा, तबला आहे. उरलेल्या तीन बीटल्सपैकी कोणीही त्यात वाजविलेले नाही. मग वाजविले कोणी? अ‍ॅना जोशी व अमृत गज्जर यांनी दिलरुबा, बुद्धदेव कन्सारा यांनी तंबोरा, नटवर सोनी यांनी तबला. ही नावे जगाला नीट कळली ती २०१७ साली, म्हणजे पन्नास वर्षांनी.

वेष्टणावर जागा नव्हती म्हणावे, तर तेही खरे नाही. या वेष्टणाची ख्यातीच मुळी त्यावरील गर्दीसाठी. पन्नासहून अधिक प्रसिद्ध व्यक्तींचे चेहरे तेथे दाटीवाटीने उभे आहेत. त्यांत कार्ल मार्क्स आहेत आणि हॅरिसनच्या आवडीचे चार हिंदी योगीही आहेत. पाठीमागे सगळ्या गाण्यांचे शब्द छापले आहेत. महात्मा गांधींचेही चित्र मूळ मांडणीत होते. परंतु हिंदुस्थानात लोक दुखावतील आणि तेथील धंद्याला बाध येईल, या धास्तीने ई.एम.आय. कंपनीच्या अध्यक्षांनी ते काढावयास लावले. म्हणजे हिंदुस्थानी ग्राहकाच्या भावनेची काळजी कंपनीने वाहिली; हिंदुस्थानी वादकाचे नाव छापण्याचे मात्र कोणाच्या ध्यानीमनी आले नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. याला निव्वळ वर्णद्वेष म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि सोपे आहे म्हणूनच ते पुरेसे नाही. त्याच गाण्यात आठ व्हायोलिन आणि तीन चेलो आहेत. ते वाजविणारे लंडनचे गोरे व्यावसायिक होते. त्यांचीही नावे वेष्टणावर नाहीत. ठरावीक तासांचा ठरावीक मेहनताना घ्यावयाचा, सही करावयाची आणि घरी जावयाचे, ही त्या धंद्याची रूढी. आपल्या मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गोव्याहून आलेल्या व्हायोलिनवादकांनी आणि ट्रंपेटवादकांनी हेच जिणे काढले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालांचे गुरू. त्यांचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले ते १९७७ च्या एका चित्रपटातील विनोदी गाण्यामुळे, आणि ते एका खऱ्या माणसाचे नाव आहे हे ऐकणाऱ्या बहुतेकांना ठाऊकही नव्हते.

आता १९६८ च्या जानेवारीकडे येऊ. 'वंडरवॉल' नावाच्या चित्रपटाला संगीत देण्याचे काम हॅरिसनने पत्करले होते, आणि त्यासाठी तो मुंबईला आला. फोर्टमध्ये सर फिरोजशहा मेहता रस्त्यावर एच.एम.व्ही.चा स्टुडिओ होता. तो फारसा ध्वनिबंद नव्हता. खालच्या रहदारीचा आवाज आत येई. स्टिरिओ मुद्रणाचे यंत्रही तेथे नव्हते. ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन यांनी ते कलकत्त्याहून आगगाडीने आणविले. या मुक्कामात १२ जानेवारीला 'द इनर लाइट' या गाण्याचे वाद्यसंगीत मुद्रित झाले. शब्द चिनी ताओ ग्रंथावरून घेतलेले, गायन पुढे फेब्रुवारीत लंडनला मुद्रित झाले. मार्चमध्ये 'लेडी मॅडोना'च्या पाठीमागच्या बाजूस ते निघाले. बीटल्सच्या नावावरील गाणे, आणि त्यातले एकूण एक वाद्य मुंबईत मुंबईच्या स्टुडिओत वाजलेले!

माझ्या मते हॅरिसनच्या हिंदुस्थानी वळणाच्या तीन गाण्यांत हेच सर्वांत सरस आहे. 'विदिन यू'मध्ये उपदेशाचा सूर जरा चढाच लागतो. येथे सरोद, सनई आणि पखवाज यांचा वेगवान तुकडा येतो, एकदम थांबतो, आणि बासरीच्या सोबतीने हलक्या आवाजात शब्द येतात. गाणे पुरती तीन मिनिटेही चालत नाही, पण त्यात एक फाजील जागा नाही.

चित्रपटाच्या संगीताची 'वंडरवॉल म्युझिक' ही ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निघाली. बीटल्सच्या स्वतःच्या 'अ‍ॅपल' या कंपनीची ही पहिली मोठी तबकडी. चाहता असूनही म्हणतो की ती सलग ऐकण्याजोगी नाही. चित्रपटातील प्रसंगांच्या मापाने कापलेले तुकडे आहेत. कोठे इंग्रजी वाद्यवृंदाची करमणूक, कोठे एखादा राग जेमतेम उमलतो आहे तोच संपतो. परंतु 'लव्ह सीन'मध्ये आशिष खाँ यांनी आपल्याच सरोदला आपणच सरोदने दिलेले उत्तर ऐकावे. 'क्राइंग' या तुकड्यात विनायक व्होरा यांची तारशहनाई आहे. गजाने वाजविण्याच्या वाद्याला कर्णा जोडून हे वाद्य बनते, आणि त्याचा स्वर हुंदक्यासारखा निघतो. मिनिटभरात तो काळजाला हात घालतो. 'टॅबला अँड पखावज' नावाच्या तुकड्यात महापुरुष मिश्र आहेत. ज्याने जत्रेत रात्रभर दशावताराचा पखवाज ऐकला आहे त्याला हा तुकडा परका वाटणार नाही.

या वेळी वादकांची यादी वेष्टणावर छापली गेली, हे हॅरिसनच्या बाजूने नमूद केलेच पाहिजे. बंगालचे आशिष खाँ आणि जम्मूचे शिवकुमार शर्मा यांच्याबरोबर एस. आर. केंकरे यांची बासरी, रिजराम देसाड यांची पेटी व तबलातरंग अशी नावे तेथे आहेत. पण ती कशी छापली आहेत, हे पाहण्याजोगे आहे. शर्मांचे 'शेरमार' झाले आहे. सनईवादक दोघे, ते केवळ 'शरद' आणि 'जादेव'. पुढे पूर्ण नाव हनुमान जादेव असे लिहिले जाऊ लागले. मला तर त्यामागे साधा जाधव ऐकू येतो. सूरबहार वाजविणाऱ्याचे नाव 'चंद्र शाखेर' एवढेच. हे गृहस्थ म्हणजे चंद्रशेखर नारिंग्रेकर.

नारिंग्रे हे देवगड तालुक्यातील गाव. कोकणात आडनाव हाच पत्ता असतो. वेंगुर्लेकर, आचरेकर, नारिंग्रेकर म्हटले की माणूस कोठला हे विचारावे लागत नाही. बीटल्सशी निगडित अशा एका तबकडीवर सिंधुदुर्गातील एका गावाचे नाव जाण्याचा योग आला होता. तो लंडनच्या छपाईत गळून पडला. गावाला त्याचा पत्ताही लागला नाही.

कोणी म्हणेल, कलावंताला नावाचा एवढा सोस कशाला? यात मानापमान पाहणे ही चूक होईल. नाव ही वाटाघाटीची शक्ती आहे. ज्या वादकाचे नाव लोकांना ठाऊक असते तो पुढच्या खेपेस अधिक मागू शकतो. ज्याचे नाव नसते त्याच्या जागी दुसरा बोलावता येतो. म्हणून नाव न छापणे कंपनीला स्वस्त पडते. दुसरे असे की, तबकडीचे उत्पन्न एका दिवसाचे नसते. मजुरी एकदा दिली जाते, खप मात्र दशकानुदशके चालू राहतो, आणि हा उत्तरकाळचा नफा कोणाचा, हा झगडा पुढे उभा राहतो. त्या झगड्यात उभे राहण्यासाठी आपण तेथे वाजविले होते याचा पुरावा लागतो.

हा झगडा काल्पनिक नाही. युरोपीय संघाने २०११ साली ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत पन्नासवरून सत्तर वर्षे केली. त्यात एक अट घातली: एकरकमी मेहनतान्यावर वाजविलेल्या वादकांसाठी कंपनीने पन्नास वर्षांनंतरच्या उत्पन्नातील वीस टक्के दरवर्षी बाजूला काढावेत. ब्रिटनने हा नियम २०१३ मध्ये लागू केला. त्या हिशेबाने 'सार्जंट पेपर'च्या साथीदारांचा हिस्सा २०१८ पासून सुरू होतो, म्हणजे त्यांची नावे प्रकाशात आल्याच्या दुसऱ्याच वर्षी. मूळची पन्नास वर्षे तर कंपनीच्या खिशात गेलीच. तरीही कामगारांच्या संघटित दबावाने मालकाच्या हक्कातून वाटा काढता येतो, याचे हे उदाहरण आहे. ज्याचे नाव नोंदीत नाही त्याला मात्र या निधीपर्यंत पोहोचणे कठीण.

आपल्या देशात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वादकाला काहीच हक्क नव्हता. नारिंग्रेकर आणि जाधव फोर्टच्या त्या स्टुडिओत बसले तेव्हा त्यांच्या कलेवर त्यांची मालकी कायद्याने शून्य होती. १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याचा हक्क आला. त्याच्या व्याख्येत नट, गायक, वादक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार, गारुडीही आहेत. हे वाचून मला तेव्हा समाधान वाटले होते. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरावर मानधनाचा हक्क दिला आणि कलम ३८ब मध्ये आपले नाव जाहीर व्हावे हा हक्कही दिला. पण त्याच दुरुस्तीत व्याख्येला एक परंतुक जोडले गेले. चित्रपटातील ज्याचे काम किरकोळ वा प्रासंगिक आहे, आणि धंद्याच्या रूढीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला प्रयोगकर्ता मानू नये! आपल्या कामाचे विद्रूपीकरण झाल्यास तक्रार करण्यापुरताच काय तो त्याला अपवाद. नाव नाही म्हणून हक्क नाही, आणि हक्क नाही म्हणून नाव छापण्याची गरज नाही, असे हे वर्तुळ कायद्यानेच पुरे करून दिले आहे. किरकोळ कोणते, हे ठरविणारा बहुधा मालकच असतो.

आपल्या जिल्ह्यात याचा संबंध काय? लग्नाच्या पत्रिकेत मामामामींपासून चिल्ल्यापिल्ल्यांपर्यंत सगळ्यांची नावे असतात, सनईवाल्याचे नसते. ती आपली जुनी खोड आहे. दशावताराची गोष्ट अधिक निकडीची झाली आहे. पार्सेकर, मोचेमाडकर अशी मंडळे मालकांच्या नावाने ओळखली जातात. राजपार्ट, स्त्रीपार्ट करणारे नट लोकांना नावानिशी माहीत असतात. परंतु बाकड्यावर बसून पेटी, पखवाज आणि झांज वाजविणारे तिघे, ज्यांच्या इशाऱ्यावर लेखी संहिता नसलेले ते नाटक पहाटेपर्यंत चालते, त्यांची नावे पुष्कळदा पुढच्या वाडीतही ठाऊक नसतात. पूर्वी याने फारसे बिघडत नव्हते, कारण खेळ पहाटे संपत असे. आज त्याचे संपूर्ण चित्रण मोबाइलवर होते, इंटरनेटवर चढते, जाहिरातींसह मुंबईपासून आखातापर्यंतचा चाकरमानी ते पाहतो. म्हणजे तोही आता तबकडीसारखा टिकणारा आणि उत्पन्न देणारा माल झाला आहे. वादकाला मात्र एका रात्रीची बिदागी मिळते.

वादकांची संघटना उभी राहणे हे यावरचे खरे उत्तर आहे, आणि त्याला वेळ लागेल. तोवर जे आपल्या हाती आहे ते करता येईल. कार्तिकात जत्रा सुरू होतात. ज्या गावांत देवस्थान समितीवर किंवा उत्सव मंडळात आपले कार्यकर्ते आहेत, तेथे चित्रणाला परवानगी देण्यापूर्वी चित्रण करणाऱ्याकडून एक साधा कागद लिहून घ्यावा. त्यात उत्पन्नातील हिस्सा किती आणि कोणाला ते असावे, आणि चित्रणाच्या आरंभी पेटी, पखवाज व झांज वाजविणाऱ्यांची नावे दाखविण्याची अट असावी. नावे वादकांनाच विचारून लिहावीत, गावासकट. आणि आडनाव गाळू नये.