मागचे ब्रेक आणि 'बदलून टाका'चा रोग

माझ्याकडे १९९४ सालची एक जपानी पिकअप आहे. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे खालून ती कोकणातल्या जुन्या पत्र्यासारखी गंजलेली. गेल्या नोव्हेंबरात मागे सरपण भरून येत होतो. उतारावरच्या सिग्नलला ब्रेक दाबला तर पेडल पार खाली गेलं, पुढची चाकं जाम झाली आणि गाडी ओल्या रस्त्यावरून घसरत चौकात जाऊन थांबली. शेजारी मुलगी बसली होती. आडवं कोणी आलं नाही, एवढंच नशीब!

तशीच हळूहळू गॅरेजला नेली. तिथल्या गृहस्थाने चाकसुद्धा न काढता यादी हातात दिली: मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, ड्रम, लायनर. अकराशे डॉलर. मी विचारलं, "पण बिघडलंय काय?" उत्तर मिळालं, "जुनी गाडी आहे, सगळंच बदललेलं बरं."

मंडळी, याला दुरुस्ती म्हणत नाहीत. याला खरेदी म्हणतात.

वर एका मित्राने ज्ञान दिलं, "मागच्या ब्रेकचं काय घेऊन बसलास? सगळा जोर पुढच्यांवरच असतो." अर्धसत्य! ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं आणि रिकाम्या पिकअपमध्ये पुढचे ब्रेक बरंचसं काम करतात, हे खरं. पण मागे माल भरला की मागच्या चाकांवर वजन येतं आणि त्यांच्या ब्रेकचा वाटा वाढतो. म्हणूनच माझ्या गाडीत मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला एक दांडा आणि व्हॉल्व्ह आहे. मागची बाजू मालाने दबली की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. पिकअप काय रिकामी फिरवायला घेतात?

शनिवारी स्वतःच बसलो. आधी पेडल दाबून मिनिटभर तसंच धरलं. हळूहळू खाली गेलं असतं तर मास्टर सिलिंडरवर किंवा गळतीवर संशय घेता आला असता. गेलं नाही. मग दोनदा भराभर दाबलं, तर पेडल वर आलं. म्हणजे लायनर आणि ड्रममध्ये फट फार! गाडी स्टँडवर घेऊन ड्रम काढले. लायनर जाड, व्हील सिलिंडर कोरडे, अ‍ॅक्सलचं तेल कुठेही उतरलेलं नाही. चोर सापडला तो ब्रेकच्या मागच्या पत्र्यापाशी: हँडब्रेकची केबल जिला ओढते ती छोटी तरफ, गंजून दगड झालेली.

आता गंमत बघा. या गाडीत लायनर झिजले की फट आपोआप कमी होते, पण हँडब्रेक ओढला तरच. इथे गाडी ऑटोमॅटिक, उभी करताना 'पी'मध्ये टाकली की काम झालं, हँडब्रेकला हात कोण लावतो? न वापरल्याने तरफ गंजली, तरफ गंजल्याने फट वाढत गेली. खर्च: गंज सुटायचं तेल, थोडं ग्रीस, एक शनिवार. फट हाताने बसवली, सपाट रिकाम्या रस्त्यावर चाचणी घेतली. पेडल वर, गाडी जागेवर.

"अमेरिकेतले मेकॅनिक असेच," म्हणून हसू नका. मीही मेकॅनिकलचा पदवीधर. 'लीडिंग शू, ट्रेलिंग शू' आकृतीसह लिहून मार्क मिळवले, पण चाळिशीपर्यंत एक ड्रम उघडला नव्हता. आणि आमच्या गावचा स्कूटरवाला? तो आधी मागचं चाक हाताने फिरवून बघायचा, कान लावायचा आणि नट दोन फेरे आवळून पाच रुपये घ्यायचा. निदान आधी, पाना नंतर. आज तुमच्याकडच्या चकचकीत सर्व्हिस सेंटरातही "साहेब, पार्ट बदलावा लागेल" हेच ऐकू येतं, आणि आपण मान डोलावून कार्ड पुढे करतो.

ब्रेक स्वतः उघडायची सवय नसेल तर जरूर मेकॅनिककडे जा, जिवाशी खेळ नको. पण "नेमकं बिघडलंय काय, आणि ते कशावरून?" हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत पाकीट खिशातच राहू द्या. आणि हो, गाडी लावताना हँडब्रेक ओढत चला!