सोरायसिस: आधी सांधे पाहा

वऱ्हाडात कापसाची वेचणी आणि सोरायसिसचा जोर बहुधा एकाच हंगामात येतो. थंडी पडली, हवा कोरडी झाली की कोपरांवर, गुडघ्यांवर, डोक्यात रुपेरी पापुद्रे धरू लागतात. त्याच दिवसांत बोंडांची वाळलेली टोके बोटांना टोचत असतात, आणि या आजारात जिथे टोचते, खरचटते, तिथे काही दिवसांनी नवा चट्टा उठू शकतो. वेचणाऱ्या बाईचा हात एकदा जवळून पाहावा. नखांवर सुई टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत का? एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत सारखेच सुजून जाड झाले आहे का? सकाळी मूठ वळायला अर्धा तास लागतो का? तसे असेल, तर प्रश्न नुसत्या कातडीचा राहिलेला नाही.

सोरायसिस असलेल्या साधारण पाचांतल्या एकाला, काही पाहण्यांत तिघांतल्या एकाला, पुढे सांध्यांचा त्रास सुरू होतो. बहुतेकांत चट्टे आधी येतात आणि सांधे काही वर्षांनी धरतात. म्हणून उपचार निवडताना दोन वेगळी मोजमापे हवीत, असे माझे ठाम मत आहे. चट्टे किती सोसायचे, हे बऱ्याच अंशी रुग्णाने ठरवावे. सांध्याचे तसे नाही. झिजलेले हाड कोणतेही औषध परत भरून देत नाही आणि सहा महिन्यांचा उशीरसुद्धा पुढे महागात पडतो.

बुलढाणा जिल्ह्याला त्वचेच्या तक्रारीची दखल घेतली जाणे काय असते, ते माहीत आहे. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत एकाएकी लोकांचे केस गळू लागले, तेव्हा आयसीएमआरचे पथक आले, पाणी, रक्त, धान्य तपासले गेले, सेलेनियमची चर्चा देशभर झाली. सोरायसिस असा गावेच्या गावे धरत नाही. तो बहुधा एका घरात एकाला होतो आणि तो माणूस पूर्ण बाह्यांचा सदरा घालून गप्प बसतो. संसर्गाने पसरत नसूनही लग्न जुळवताना तो लपवला जातो. जागतिक आरोग्य सभेने २०१४ साली सोरायसिसवर स्वतंत्र ठराव केला, त्यात या अवहेलनेची नोंद आहे.

मग घरगुती वाटा सुरू होतात. लोणारच्या सरोवराचे पाणी त्वचारोगाला गुणकारी, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. ती हसण्यावारी नेऊ नये, कारण मृत समुद्राच्या काठी जगभरचे सोरायसिसचे रुग्ण आठवडेच्या आठवडे राहतात आणि अनेकांची कातडी खरोखर निवळते. पण तिथे मोठे काम करते ते ऊन. ती जागा समुद्रसपाटीच्या चारशेहून अधिक मीटर खाली आहे. हवेच्या जास्तीच्या थरातून येताना भाजणारे किरण कमी होतात आणि रुग्णाला उन्हात जास्त वेळ बसता येते. लोणारची गोष्ट वेगळी. ते पाणी अल्कधर्मी आहे, सामू दहाच्या आसपास. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते. धुण्याच्या सोड्यात हात बुडवला की कातडी कशी ओढल्यासारखी होते, ते घरात प्रत्येकीला ठाऊक आहे. आधीच फाटलेल्या कातडीला ते सोसणार नाही. शिवाय सरोवर अभयारण्यात आहे आणि २०२० पासून रामसर क्षेत्रही आहे. तिथे जावे ते पाहायला.

हाच उन्हाचा गुण दवाखान्यात नॅरोबँड यूव्हीबी या दिव्यातून मिळतो. ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे किरण, आठवड्यातून दोन-तीनदा, दोन-तीन महिने. यकृताला धक्का नाही, गरोदर बाईलाही देता येतो. अडचण फक्त अंतराची. संग्रामपूर किंवा जळगाव जामोदच्या माणसाने आठवड्यातून तीनदा अकोल्याला जायचे, तर एसटीचे भाडे एकीकडे आणि बुडालेली मजुरी दुसरीकडे. चार मिनिटांच्या प्रकाशासाठी अख्खा दिवस जातो. शहरात राहणाऱ्याला मी हा उपचार आधी सुचवेन, सातपुड्याच्या पायथ्याच्या मजुराला नाही. आणि दिव्याने सांधे सुधारत नाहीत.

चट्टे थोडे असतील तर मलम पुरते. खोबरेल, व्हॅसलीन, सॅलिसिलिक ॲसिड, कॅल्सिपोट्रिऑल, आणि डॉक्टरांनी मुदत घालून दिलेले स्टेरॉइड मलम. मुदत हा शब्द इथे कळीचा आहे. मेडिकलवर नुसते नाव सांगून मिळणारी तीन-तीन औषधांची मिश्र मलमे वर्षानुवर्षे चोळली जातात आणि कातडी कागदासारखी पातळ होते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, पण काउंटरवरची सवय अजून तुटलेली नाही. त्याहून घातक म्हणजे नाव नसलेल्या पुड्या आणि सुया. आठवडाभरात कातडी स्वच्छ झाली तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. ते अचानक थांबले की आजार अंगभर उसळतो, कधी पुवाने भरलेल्या फोडांनी, कधी सर्वांग लाल होऊन, आणि ते जिवावर बेतू शकते.

आयुर्वेदाबद्दल विचारणारे पुष्कळ भेटतात. सोरायसिस आपोआप कमी-जास्त होणारा आजार आहे. उन्हाळ्यात तो निवळला की शेवटच्या औषधाला श्रेय मिळते. शिकलेल्या वैद्याकडे तेल, पथ्य आणि वजन उतरवण्याची वाट कोणी धरली तर माझा आक्षेप नाही. दारू-तंबाखू सुटली तर उत्तमच. मात्र बोट सुजलेले असताना सहा महिने फक्त त्यावर घालवू नयेत.

आता मेथोट्रेक्सेट, कारण आपल्या जिल्ह्यातला खरा निवाडा त्याच्याभोवती आहे. त्याचाच पूर्वज असलेले औषध संधिवातासाठी देताना रुग्णांचे सोरायसिसचे चट्टे जात असल्याचे १९५१ मध्ये अमेरिकेत दिसले. गोळी काही रुपयांची, आठवड्यातून एकदा घ्यायची, कातडीवर बऱ्याच जणांना उपयोगी पडणारी. सांध्यांवर मात्र पुरावा तितका भक्कम नाही: ब्रिटनमधल्या २०१२ सालच्या चाचणीत सांध्यांच्या सुजेवर ठळक फरक दिसला नाही, जरी त्या चाचणीतला डोस कमी होता, हा आक्षेपही खरा आहे. म्हणून तज्ज्ञांतही मतभेद आहेत. अमेरिकेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात बहुतेक नव्या रुग्णांना टीएनएफ हे सूज वाढवणारे प्रथिन रोखणारे बायोलॉजिक, म्हणजे जैविक इंजेक्शन, आधी सुचवले आहे. युरोपीय तज्ज्ञ अनेक सांधे सुजले असतील आणि चट्टेही असतील तर मेथोट्रेक्सेटपासून सुरुवात करतात. पाठीचा कणा धरला असेल तर ते चालत नाही, यावर मात्र एकमत आहे.

आपल्यापुरते मला युरोपचे म्हणणे पटते, पण एका अटीवर. मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडातून बाहेर पडते. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या टापूत, मोडतो आणि मूत्रपिंडाच्या आजारांनी तिथली कितीतरी घरे खचली आहेत. त्यात सांधा दुखला की गावात डायक्लोफेनॅकची सुई ठरलेली. अशा माणसाला क्रिएटिनीन न पाहता मेथोट्रेक्सेट देणे म्हणजे डोळे झाकून विहिरीत उतरणे. आधी आणि नंतर दर काही आठवड्यांनी रक्तपेशी, यकृत, क्रिएटिनीन तपासलेच पाहिजे. फोलिक ॲसिड सोबत हवे, दारू बंद हवी, आणि मूल हवे असेल तर बाई असो की पुरुष, डॉक्टरांशी आधीच बोलावे. गरोदरपणात ही गोळी चालत नाही. सर्वांत मोठी चूक साधीच असते. बाकीच्या गोळ्या रोज घ्यायच्या म्हणून हीही रोज घेतली जाते, तोंड सोलते, रक्तपेशी कोसळतात, आणि माणूस दगावतो.

ज्याला तपासण्यांसाठी वारंवार जाणे शक्यच नाही, त्याच्यासाठी ॲप्रेमिलास्टचा विचार करावा. वारंवार रक्त तपासावे लागत नाही, भारतीय कंपन्यांच्या गोळ्या मिळतात. सुरुवातीला जुलाब आणि मळमळ होते आणि सांध्यांवर जोर बेताचा आहे. हाडाची झीज थांबवण्यासाठी त्याच्यावर मी भिस्त ठेवणार नाही.

तिथे बायोलॉजिकच लागतात. ॲडॅलिम्युमॅब या टीएनएफ रोखणाऱ्या बायोलॉजिकची भारतीय नक्कल २०१४ च्या अखेरीस बाजारात आली, त्यामुळे किमती उतरल्या, तरी महिन्याचा खर्च हजारांतच आहे. बायोलॉजिक सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि झोपलेल्या क्षयाची तपासणी अनिवार्य, कारण ॲडॅलिम्युमॅबसारखे औषध शरीरात दडलेला क्षय जागा करू शकते. सेक्युकिनुमॅब या दुसऱ्या बायोलॉजिकमध्ये हा धोका कमी दिसतो. शेतकऱ्याने यासाठी कर्ज काढावे का? चट्ट्यांसाठी नाही. पण नीट डोसात तीन-चार महिने मेथोट्रेक्सेट घेऊनही बोटे सुजलेलीच असतील, किंवा पाठ धरली असेल, तर बायोलॉजिकला चैन म्हणणे चूक आहे. वेचणी, खुरपणी, दूध काढणे, सगळे त्या बोटांवर आहे.

बुलढाण्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. तिथे आठवड्यातला एक दिवस असा ठरवावा, की त्वचेचा आणि सांध्यांचा डॉक्टर एकाच रुग्णाला एकाच खोलीत पाहतील, मेथोट्रेक्सेटच्या रक्ततपासण्या तिथेच मोफत होतील. त्या तपासण्यांना लागणारी यंत्रे कुठल्याही जिल्हा प्रयोगशाळेत असतात. अंतर कापायची पाळी रक्ताच्या नमुन्यावर यावी, रुग्णावर नको. नमुना ग्रामीण रुग्णालयातून पाठवता येतो.

आणि घरात कोणी मेथोट्रेक्सेट घेत असेल तर आज संध्याकाळी एवढे करा. गोळ्यांचे पाकीट काढा, त्यावर पेनाने वार लिहा, बुधवार तर बुधवार, आणि गोळी घेणाऱ्या माणसाला तो वार तोंडपाठ म्हणायला लावा.