तोफेची घंटा

कोलोनच्या कॅथेड्रलचा दक्षिण मनोरा म्हणजे ५३३ पायऱ्या. लोक धापा टाकत वर जातात ते ऱ्हाइन नदी बघायला. मला विचाराल तर खरं थांबायचं ते वाटेतल्या घंटाघरात. तिथली सेंट पीटरची घंटा २४ टनांची, १९२३ साली ओतलेली. गावकरी तिला लाडाने ‘जाडा पीटर’ म्हणतात. तिच्याआधीची कैसरची घंटा याहूनही जड होती. १८७०-७१च्या युद्धात फ्रेंचांकडून जिंकलेल्या तोफा वितळवून ती घडवली आणि १९१८ मध्ये युद्धासाठीच ती वितळवली! तोफेची घंटा झाली, याचं कौतुक ठीक आहे हो. पण घंटेची पुन्हा तोफ व्हायला पन्नास वर्षंही लागत नाहीत, हे विसरू नये. धातूला पावित्र्य नसतं. ते माणसांनी रोज जपायचं असतं.